नाल्याकाठचा हिरवा चौकोन

६ ऑक्टोबर २०२५
वाडीवरून

चि. शैलेश,

आशीर्वाद द्यायचे की कान धरायचा, ते पत्र संपेपर्यंत ठरवीन. तोवर दोन्ही राखून ठेवलेत असं समज.

फोन तू उचलत नाहीस. निरोप पाठवला की त्याच्यापुढे दोन निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचतोस, एवढं संस्कृतच्या बाईलाही कळतं. म्हणून पत्र. हैदराबादेत पोस्टमन अजून घरी येतो असं गृहीत धरते. पत्राला निळ्या खुणा नसतात, हा माझाच फायदा.

तुझा अहवाल पोचला. समितीने तो ग्रामसभेत वाचायला पाठवला आणि शांतारामकाकांनी मला उभं केलं, कारण गावात शुद्ध वाचणारी मीच. 'उपग्रह-प्रतिमांवरून केलेल्या अनुमानानुसार नाल्याच्या काठावरील चिकूच्या वाड्यांत पानांतील हरितद्रव्याचे प्रमाण समाधानकारक असून गेल्या तीन वर्षांत त्यात वाढ दिसते.' मी एका दमात वाचलं. वाक्यरचना निर्दोष होती. संस्कृतात जेमतेम पास झालेल्या मुलाने लिहिलंय असं वाटेना. मग खाली सही. ती मी वाचली नाही. काकांनी मागून डोकावून वाचली.

"शैलेश? आपला शैलेश?" आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दमयंती, तुज्या भावाच्या उपग्रहाला मोतीबिंदू झालाय गो. डॉक्टर बघ कोनी."

लोक हसले. हसून झाल्यावर माझ्याकडे कोणी बघेना.

तुला माहीत आहेच, तरी लिहिते, कारण हल्ली तू माहीत असलेल्या गोष्टींचीही वरून खात्री करून घेतोस. कारखान्यांच्या अंगाने येणारा नाला आपल्या वाडीला लागून खाली खाडीकडे जातो. त्याचं पाणी कधी चहाच्या रंगाचं असतं, कधी नुसत्या फेसाचं. तेच विहिरींत झिरपतं. चिकूची झाडं शेंड्याकडून वाळत येतायत. पानांच्या कडा पिवळ्या पडतात, पान लहान होतं, मग गळतं. फळ सुपारीएवढं राहतं आणि सुपारीइतकंच कठीण. आम्ही तक्रार केली, समिती नेमली गेली, समितीने तुझ्या संस्थेला विचारलं, आणि तू आकाशाला विचारलंस. झाडाला विचारायचं तेवढं राहिलं.

५ डिसेंबरला पालघरला शेवटची सुनावणी आहे. तुझा अहवाल तसाच राहिला तर तक्रार निकाली. नाला वाहतो तसा वाहणार, आणि दोन पावसाळ्यांत या काठावर वाडी म्हणावं असं काही उरणार नाही. मी वाढवून सांगत नाही. वाढवून सांगायचं असतं तर तुला नाही, समितीला लिहिलं असतं.

आणखी एक. वरच्या चित्राची खालच्या पानांशी पडताळणी केली असं तू लिहिलंयस. ती कशी झाली ते सांगते. तुझ्या संस्थेचे मेहुलभाई आले होते. भला माणूस. हातात एक चिमटा, तो पानाला लावला की आकडा उमटतो. उन्हाने लालबुंद झाले होते. प्रत्येक वाडीत म्हणाले, "एक पान द्या." चंद्रकांतावहिनींनी त्यांना सरबत दिलं आणि रस्त्याकडच्या एकुलत्या धडधाकट झाडाचं पान आणून दिलं. मी नंतर विचारलं तर म्हणाल्या, "पावना एवढ्या उनातून आला, त्याला काय पिवळा पान देऊ? बरा दिसल का?" सगळ्यांनी हेच केलं. तुझ्या चिमट्याने आमचा पाहुणचार मोजला. तो समाधानकारक आहे, यात वाद नाही.

तुझं कलम मात्र ठीक आहे. अगदी नाल्याच्या काठावर असून हिरवंगार. शाळेत असताना तू खिरणीच्या खुंटावर चिकूची फांदी बांधलीस, बाबा म्हणाले जगणार नाही, आणि तू रोज शाळेतून आलास की दप्तरासकट तिथे. त्याची काळजी करू नकोस.

ये एकदा. पायांनी बघ.

ताई

ता.क. कान धरायचं ठरलं. आशीर्वाद शिल्लक आहेत.


२३ ऑक्टोबर, भाऊबीज

चि. शैलेश,

पाट मांडला होता. रांगोळी काढली होती. सात वाजेपर्यंत फाटकाकडे बघितलं, मग चंद्राला ओवाळलं. आपल्याकडे तशी सोय आहे. चंद्रही वरूनच बघतो आणि उत्तर देत नाही, त्यामुळे फारसा फरक जाणवला नाही.

सोबत खोक्यात चिकू आहेत. तुझ्या कलमाचे. कुरिअरवाल्याने पिकतील म्हणून घ्यायला कुरकुर केली, त्याला सांगितलं की हैदराबादपर्यंत पिकतील असे दाबून बघून घेतलेत. ओवाळणी म्हणून एकच मागते, आणि या वेळी गंमत नाही. सुनावणीआधी अहवाल मागे घे. मागे घेता येत नसेल तर 'फेरतपासणी करतो' एवढं लिही. तेवढ्यावर तारीख पुढे जाईल.

शांतारामकाका माझ्याशी बोलत नाहीत. वाडीच्या बांधावर समोरासमोर आलो की ते नारळाच्या शेंड्याकडे बघतात. त्यांचा तरी दोष काय? तीन वर्षं पालघरच्या फेऱ्या त्यांनी घातल्या, आणि शेवटी कागद आला तो आपल्या घरातल्या माणसाचा. परवा दुकानात मी गेल्यावर बोलणं थांबलं. मी आपली मीठ घेऊन आले. मीठ घरात होतं.

विहिरीचं पाणी रोज झाडांना घालते. दुसरं पाणी नाही. घातलं नाही तर महिन्यात मरतील, घातलं तर वर्षात. आजाऱ्याला चमच्याचमच्याने विष पाजावं आणि वर विचारावं, बरं वाटतंय का, तसं चाललंय. वर्गात मुलांना विभक्ती शिकवते आणि मधेच खडू हातात तसाच राहतो. मुलं समजूतदार आहेत, आपापसात बोलून घेतात.

तू उत्तर नाही दिलंस तरी खोकं उघड. फळांचा काही अपराध नाही.

ताई


४ नोव्हेंबर

चि. शैलेश,

तुझा निरोप आला. इतक्या दिवसांनी फोन वाजला आणि त्यावर तुझं नाव, मी चष्मा शोधायला धावले. निरोप मी इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय, म्हणून दाखवते:

'ताई, चिकू पोचले. खूप गोड होते. पण तूच विचार कर, नाल्याला सगळ्यात जवळचं झाड असं फळत असेल तर दोष नाल्याचा कसा? माझे आकडेही तेच सांगतात. चित्र पाठवतो, नीट बघ.'

चिकूंचं नंतर बोलू.

आधी हरितद्रव्य. तू चित्राखाली दिलेलं स्पष्टीकरण मी शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंकडून समजून घेतलं. चुकलं तर सांग. पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश गिळतं. लालच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा प्रकाश पान जवळजवळ तसाच परत टाकतं. गिळणं आणि टाकणं यांच्या मधे एक कड आहे. पान निरोगी असलं की कड एका बाजूला सरकते, आजारी पडलं की दुसऱ्या. उपग्रह पाच दिवसांनी एकदा सकाळी डोक्यावरून जातो, ती कड टिपतो, आणि तुम्ही तीवरून सांगता की पानात हरितद्रव्य किती. खरं सांगते, वाचून मला तुझा अभिमान वाटला. एवढ्या उंचावरून पानाची नाडी बघायची! आपले नैयायिक असते तर त्यांनी तुला जेवायला बोलावलं असतं. धूर बघून डोंगरावरचा अग्नी ओळखण्यात त्यांनी जन्म घालवला, तू रंग बघून प्राण ओळखतोस. अनुमानच ते.

पण अनुमानाचा एक शत्रू असतो, तोही त्यांनीच सांगून ठेवलाय. हेत्वाभास. दिसायला कारण, असायला नाही. धूर वाटतो आणि असतं धुकं.

तुझं चित्र बोईसरला जाऊन रंगीत छापून आणलं आणि ते हातात धरून वाडीतून चालत गेले. चित्रातल्या एका चौकोनात आपली दोन-तीन झाडं मावतात. चौकोन मोजत चंद्रकांतावहिनींच्या मागच्या अंगाला गेले. चित्रात तो कोपरा सगळ्यात गडद हिरवा. आणि शैलेश, त्या कोपऱ्यात एकही झाड जिवंत नाही. मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. मी चित्र उलटं धरलंय की काय म्हणून फिरवून पाहिलं. मग मान वर केली.

तोंडली.

बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तोंडलीचे वेल. एका झाडावरून दुसऱ्यावर, मांडव घातल्यासारखे. पानं तजेलदार, कोवळी, चिकूच्या पानापेक्षा कितीतरी हिरवी. तोंडलीला नाल्याच्या पाण्याचं काही वाटत नाही, ती कशावरही वाढते, बारा महिने.

तू वाडीत वाढलेला मुलगा, तुला मी काय सांगू? पण तीस वर्षं शहरात राहून विसरला असशील. वाळलेलं झाड आपल्यात उघडं ठेवत नाहीत. वाडवडिलांनी लावलेल्या झाडावर कुऱ्हाड चालवत नाहीत आणि ते पडेपर्यंत त्याला नागडं उभंही ठेवत नाहीत. आजारी माणसाच्या अंगावर चादर घालावी तसा त्यावर वेल चढवतात. सोयरीक करायला येणारी मंडळी घराआधी वाडी बघतात, हेही आहेच. पूर्वी एखाददुसरं झाड असायचं. गेल्या तीन वर्षांत एकेकाने आपापलं झाकत नेलं. कोणी कोणाला विचारलं नाही. जितकी झाडं मेली तितकी वाडी हिरवी झाली.

शैलेश, तू तीन वर्षं आमची चादर मोजलीस.

मी तिथेच बसले. आधी हसू आलं. मग हसू थांबेना, आणि मग ते हसू नव्हतं. वहिनी धावत आल्या, त्यांना वाटलं साप चावला.

लवकर लिही. महिना उरलाय.

ताई


१२ नोव्हेंबर

चि. शैलेश,

'ताई, शक्य आहे. पण समितीपुढे बहीण म्हणाली असं लिहिता येत नाही. वेल काढा, खालचं गवतही काढा. वरच्या अंगाला, नाला पोचत नाही तिथल्या एखाद्या वाडीतही गवत काढा, म्हणजे तुलना होईल. मग वरून जे दिसेल ते मी लिहीन.'

सख्ख्या बहिणीचा शब्द प्रमाण नाही. ठीक आहे. तुझ्या जागी मीही असंच म्हटलं असतं, फक्त आधी 'कशी आहेस' असं विचारलं असतं.

परवा देवळाच्या पडवीत सगळ्यांना बोलावलं. चित्र दाखवलं, कड सांगितली, तोंडली सांगितली. शांतारामकाका महिन्याभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"म्हंजे आमी आमची झाडा नागडी करायची, आन तुजा भाऊ वरून फोटू काडनार?"

"हो काका."

"आन मंग तो लिवनार, की झाडा मेली."

"हो."

"ता आमी तीन वरसा बोंबलून सांगतोय! तवा आयकला नाय!"

"तेव्हा झाडांवर वेल होता, काका. वेल तुमचं ऐकू देत नव्हता."

ते काहीतरी म्हणणार होते, पण चंद्रकांतावहिनी उठल्या. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट. म्हणाल्या, "बाई, सुगंधाला बगायला मंडळी येतात अठरा तारखेला. मुलगा चांगला हाय. वाडी अशी दिसली तर फाटकातून आत येतील काय? त्यांना मी काय दाकवू, तुमचा उपग्रह?"

सगळी सुभाषितं ऐन वेळी कुठे जातात कोण जाणे. एवढंच म्हटलं, की मी माझ्या वाडीपासून सुरुवात करते, बाकीच्यांनी आपापलं ठरवावं. वरच्या अंगाची कमळी मात्र लगेच तयार झाली. तिच्या वाडीला नाला लागत नाही, तिची झाडं भरलेली आहेत, तिचं जातं काय? गवत तर जातं.

काल मंगळी आणि तिच्याबरोबरच्या बाया डोंगराकडून कामाला आल्या. आपल्या वाडीतले वेल उतरवायला घेतलेत. बुंध्याशी कोयता घातला की वरचा सगळा वेल सरसर खाली येतो, लुगडं फेडल्यासारखा. पहिल्या झाडाला मी दुसरीकडे बघितलं.

पंधरा तारखेला तुझा उपग्रह जायचा आहे. आकाश निरभ्र ठेवायचं काम मात्र तुझ्याकडे.

ताई


२० नोव्हेंबर

चि. शैलेश,

पंधराला ढग आले. नोव्हेंबरात! सकाळी दहापासून बारापर्यंत, जणू वेळ ठरवून. बारा वाजता लख्ख ऊन. मी अंगणात उभी राहून आकाशाला जे बोलले ते संस्कृतात बोलले, म्हणून शेजारी कोणाला कळलं नाही.

आज सकाळी मात्र ढगाचा कपटा नव्हता. तू बघशीलच. तुझ्या आधी मी काय बघितलं ते लिहिते.

शांतारामकाकांनी आपली वाडी कोणाला न सांगता, एका पहाटे, एकट्याने मोकळी केली. सकाळी बघतो तो उघडी झाडं आणि त्यांच्यामधे काका, पंचा खांद्यावर, पाठमोरे. काकू चहा घेऊन गेल्या आणि तशाच परत आल्या. मग इतरांचे हात आपोआप चालू लागले.

चंद्रकांतावहिनी अठरापर्यंत थांबल्या. मंडळी आली. मुलाचे वडील वाडीतून फिरले, तोंडलीच्या सावलीत उभे राहिले आणि म्हणाले, "वाडी काय राखलीत हो! हिरवीगार." वहिनींनी मान खाली घातली. त्यांना लाज वाटली असं मंडळींना वाटलं असेल. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली न झाली, वहिनींनी पदर खोचला आणि कोयता घेतला. सुगंधा "आई, आजच कशाला, होकार तरी येऊ दे" म्हणत रडत मागे. वहिनी म्हणाल्या, "आता बगितलीनी ना त्यांनी? आता वरच्याला बगू दे." एकटीने सगळा कोपरा उतरवला. होकार अजून आलेला नाही. इकडचं कोणीतरी तिकडे सांगणारच.

आता वाडीतून चाललं की उघडं आकाश दिसतं. पूर्वी भरदुपारी दिवा लावावा असा अंधार असायचा, आठवतं? आता सावलीच नाही. सालं सुटलीत, फांद्यांवर मुंग्यांच्या रांगा, आणि खाली तोंडलीचे ढीग वाळतायत. बोईसरहून येणारी माणसं रस्त्यावर थांबून विचारतात, आग लागली होती का? वादळ म्हणावं तर नारळ उभे. आम्ही हो म्हणतो. आग म्हणणं सोपं जातं.

आम्हालाच माहीत नव्हतं, शैलेश, इतकी. प्रत्येकाला आपल्या घरची माहीत होती.

आमचं सगळं काढून झालं आहे. आता तू बघ.

ताई


२८ नोव्हेंबर

चि. शैलेश,

तुझा निरोप तेवीस तारखेला आला. आज अठ्ठावीस. मधे पंचवीसला उपग्रह येऊन गेला, आकाश स्वच्छ होतं, आणि मी ती फेरी वाया घालवली. का, ते लिहायला बसले आहे. तू लिहिलंस:

'ताई, तुझं बरोबर होतं. सगळी पट्टी तपकिरी झाली आहे, कमळीची वाडी मात्र गवत काढूनही तशीच हिरवी. मी चुकलो. पण एक चौकोन अडतोय. नाल्याच्या अगदी काठावरचा, अजून गडद हिरवा. ते माझं कलम ना? समिती पहिलं बोट त्याच्यावरच ठेवेल. सगळ्यात जवळचं झाड जिवंत असेल तर नाल्याने बाकीची मारली असं मला लिहिता येणार नाही. अहवाल अडकलाय. पण खरं सांगू? ते हिरवं बघून बरं वाटलं. उन्हाळ्यात येईन म्हणतो. त्याच्याखाली बसायला.'

तू येईन म्हणालास. हे वाक्य मिळवायला मी काय काय केलं ते आता ऐक.

'सगळं काढून झालं' असं मी लिहिलं, ते खरं नव्हतं. मंगळी त्या झाडापाशी कोयता घेऊन गेली होती. म्हणाली, "बाई, ह्या रायला." मी म्हटलं, राहू दे. तिने माझ्याकडे बघितलं, झाडाकडे बघितलं, आणि कोयता पुसून ठेवला.

तुझं कलम दोन पावसाळ्यांपूर्वीच गेलं. या काठावरचं ते पहिलं. जायलाच हवं होतं, सगळ्यात जवळ तेच. त्यावर वेल मी चढवला, आणि इतका वाढवला की तो शेजारच्या दोन झाडांवरही पसरला. त्याला रोज पाणी घातलं. चिकू वाणगावच्या बाजारातले होते. हात घालून, दाबून निवडले, तेवढं मात्र खरं. तू गोड म्हणालास आणि त्याचाच पुरावा करून माझ्यापुढे टाकलास, तेव्हाच सांगायला हवं होतं. 'चिकूंचं नंतर बोलू' असं लिहून मी पुढे गेले. न्यायशास्त्र शिकलेल्या बाईने दुसऱ्यांना हेत्वाभास समजावून सांगावा आणि घरात आपण स्वतः एक पाळावा!

कारण विचारशील. आई-बाबा नाहीत. घर तुला अडगळ वाटतं. माझ्याशी तुझं बोलणं बंद. तुला इकडे ओढील असं एकच काही उरलं होतं, तेही मेलं, आणि ते तुला कळवलं की मग तू कशासाठी येणार, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वहिनींनी मुलीच्या सोयरिकीचा होकार येण्याआधी वेल काढला. काकांनी आपलं नाक कापून घेतलं. आणि मी, जिने सगळ्यांना पडवीत बसवून शहाणपण शिकवलं, मी एक झाड झाकून ठेवलं. त्या एका चौकोनापायी त्या सगळ्यांचं उघडं पडणं फुकट जाणार होतं. पाच दिवस मी हे जाणून गप्प राहिले. रोज कोयता घेऊन जायचे आणि पाणी घालून यायचे.

आज सकाळी काढला. मंगळीला बोलावलं नाही. वेल सहज निघत नव्हता, बुंध्याला विळखे घालून बसला होता, एकेक सोडवावा लागला. खाली नुसतं लाकूड. तू बांधलेला सांधा अजून दिसतो, गाठ आल्यासारखा. शेजारच्या दोन झाडांचंही उतरवलं, खालचं गवत काढलं. काका बांधावर येऊन उभे राहिले. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी ढीग उचलायला हात लावला. ओझं बांधताना म्हणाले, "शैल्याचा ना ह्या?" मी हो म्हटलं. "चांगला धरलावता पोरानं," म्हणाले, आणि ओझं घेऊन गेले.

परवा तीस तारीख. सुनावणीआधीची शेवटची स्वच्छ फेरी, ढगांनी मनावर घेतलं नाही तर. तो चौकोन आता तुला तपकिरी दिसेल. दिसला की जे दिसलं ते लिही. माझ्यासाठी नको, वरून दिसलं म्हणून लिही. पालघरला पाचला मी येऊन उभी राहते. चिकूंचं आणि वेलाचं कोणी विचारलं तर तेही सांगेन. शाळेतल्या मुलांनी ऐकलं तर ऐकलं.

आशीर्वाद सगळेच्या सगळे पाठवते. आता राखून ठेवावे असं काही नाही.

एक सांगायचं राहिलं. सांध्याच्या खाली, खिरणीच्या खुंटाला, जमिनीलगत एक धुमारा आलाय. चार-पाच पानं. ती चिकूची नाहीत, खिरणीची, आणि पाणी त्यालाही तेच, तेव्हा किती दिवस टिकेल देव जाणे. तो मोडायला मी हात घातला होता, चौकोनात काही हिरवं राहू नये म्हणून. मग तुझं चित्र आठवलं, चार पानांनी चौकोन हिरवा होत नाही. म्हणून ठेवलाय.

वरून तो तुला दिसणार नाही. बघायचा तर खाली यावं लागेल.

ताई